योजनांतील माहितीची जुळवणी : शंका आणि शहानिशा

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषय शिकवितो. आपल्यापुढे उभा राहतो तेव्हा बहुधा पेरणीचे अंतर, खताची मात्रा किंवा तणांचा बंदोबस्त यांवर बोलतो. मात्र अलीकडे प्रश्नोत्तरांची वेळ आली की पिकांवर दोन-तीन प्रश्न येतात आणि त्यानंतर सुरू होते ते असे : "साहेब, माझा हप्ता का थांबला?", "यादीत माझ्या नावापुढे अपात्र का लिहिले?", "माझी माहिती त्या खात्याला कोणी दिली?" हे प्रश्न आमच्या अभ्यासक्रमातील नाहीत, पण शेतकऱ्याच्या घरातील आहेत. म्हणून आज या विषयावर चार गोष्टी आपल्यासमोर मांडावयाच्या आहेत.

जुळवणी म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक खात्याचे दप्तर वेगळे असे. तलाठ्याकडे सातबारा, ग्रामसेवकाकडे जन्म-मृत्यूची नोंद, सोसायटीकडे कर्जाचे खाते आणि पुरवठा विभागाकडे शिधापत्रिका. एका कपाटातील कागद दुसऱ्या कपाटाला माहीत नसे. आता ही दप्तरे संगणकावर आली आहेत. दोन दप्तरांतील नोंदी एकमेकींशेजारी ठेवून त्या कोठे जमतात व कोठे जमत नाहीत हे संगणकाने शोधणे, यालाच माहितीची जुळवणी म्हणतात.

सर्वांत सोपे उदाहरण आपल्या ग्रामपंचायतीतीलच आहे. गावात कोणी वारले की त्याची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावयाची असते. हा नियम १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा आहे. या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीमुळे जन्म-मृत्यूची माहिती मतदार यादी, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी अशा इतर दप्तरांना पुरविण्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे ग्रामपंचायतीच्या वहीतील एक ओळ आता गावापुरती राहिलेली नाही. मृत व्यक्तीच्या नावावर धान्य उचलले जात असेल किंवा निवृत्तिवेतन काढले जात असेल, तर ते या एका ओळीवरून उघडकीस येऊ शकते.

गैरप्रकार खरोखरच होतात

"सरकारला आमच्या मागे लागण्याची गरजच काय?" असे काही जण विचारतात. याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गैरप्रकार होतात, आणि त्यात जाणारा पैसा हा गरजू शेतकऱ्याच्या वाट्याचा असतो.

पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. आयकर भरणारे, चतुर्थश्रेणी वगळता शासकीय नोकरीत असलेले अथवा निवृत्त झालेले, नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते अशांना या योजनेतून वगळलेले आहे. तरीही अनेकांनी नावे घातली. तामिळनाडूत तर २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात शासकीय कर्मचाऱ्यांचे परवलीचे शब्द वापरून, ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा लोकांची नावे दलालांनी मोठ्या संख्येने मंजूर करून घेतली. तेथील राज्य शासनाने त्या वेळी या गैरव्यवहाराचा आकडा सुमारे ११० कोटी रुपये सांगितला होता.

आपल्या राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा मिळू लागला. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, पण त्याबरोबर बोगस अर्जांचेही पीक आले. शासकीय जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, जेथे कांदा नाही तेथे कांद्यावर विमा उतरविला गेला. अर्ज भरणाऱ्या केंद्राला एका अर्जामागे ४० रुपये मिळत होते, त्यामुळे अर्जांची संख्या वाढविण्यातच काहींचा फायदा होता. अखेर ही सवलत बंद झाली आणि २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा खरीप पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागू लागला. गैरप्रकार काहींनी केला आणि सवलत सर्वांची गेली, हे आपण विसरता कामा नये.

मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेतही २०२५ मध्ये जुळवणी झाली. परिवहन खात्याकडील चारचाकी वाहनांच्या याद्या घेऊन अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठविण्यात आले. चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे लाभ गेल्याचे उघड झाले. ज्या भगिनींना शेतकरी सन्मान निधीच्या केंद्र व राज्याच्या दोन्ही योजनांतून मिळून दरमहा हजार रुपयांइतका लाभ मिळतो, त्यांना या योजनेतून फरकाचे ५०० रुपयेच देण्यात आले. हे समजले ते कृषी खात्याची यादी व महिला-बालविकास खात्याची यादी शेजारी ठेवल्यामुळेच. तात्पर्य, जुळवणी ही वाईट गोष्ट नाही. ती करावीच लागेल. प्रश्न आहे तो जुळवणीनंतर काय करावयाचे याचा.

ब्रिटनमधील स्थानिक संस्थांचा अनुभव

हे काम इतर देशांत आपल्या आधीपासून चालू आहे. ब्रिटनमध्ये १९९६ पासून एक राष्ट्रीय उपक्रम चालविला जातो. आपल्याकडील नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या तेथील स्थानिक संस्था दर दोन वर्षांनी आपल्या याद्या एका मध्यवर्ती यंत्रणेला देतात. त्यात कर्मचाऱ्यांचे पगारपत्रक, निवृत्तिवेतन, घरांचे भाडेकरू, अपंगांसाठीचे वाहनतळ परवाने अशा याद्या असतात. त्यांची जुळवणी मृत्यूच्या नोंदींशी व एकमेकींशी केली जाते.

यातील एक उदाहरण आपल्याला सहज समजेल. तेथे घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर स्थानिक करात २५ टक्के सूट मिळते. सूट घेणाऱ्यांची यादी मतदार यादीशी ताडून पाहतात. एकट्याची सूट घेतलेल्या घरात दोन मतदार आढळले की ते घर वेगळ्या यादीत येते. पण म्हणून त्या घरमालकाने फसवणूक केली असे लगेच ठरत नाही. कारण दुसरा मतदार पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर नियमानुसार त्याची गणना होत नाही आणि सूट योग्यच ठरते. म्हणून तेथील नियम असा आहे की जुळवणीतून निघते ती केवळ तपासण्याजोगी बाब. निर्णय चौकशीनंतर. तसेच आपली माहिती अशा जुळवणीसाठी वापरली जाणार आहे हे नागरिकांना आधी कळविले जाते. हे काम कायद्याच्या आधारे होते व त्यासाठी प्रत्येकाची वेगळी संमती घेत नाहीत, परंतु अंधारातही ठेवत नाहीत.

जुळवणी कोठे चुकते?

आता आपल्या शिवारात येऊ. आपल्याकडे नोंदी न जमण्याची प्रामाणिक कारणे पुष्कळ आहेत.

पहिले कारण नावाचे. सातबाऱ्यावर 'दत्तू रामा', आधारपत्रावर 'दत्तात्रय रामचंद्र', बँकेत आडनाव आधी आणि सोसायटीत शेवटी. बाईचे नाव माहेरचे एक, सासरचे दुसरे, कोठे 'बाई' लावलेले तर कोठे नाही. इंग्रजीत लिहिताना 'वाघ' मधील 'व' ला एक जण डब्ल्यू लावतो, दुसरा व्ही. आपल्याला माणूस एकच दिसतो, संगणकाला दोन दिसतात.

दुसरे कारण याच्या उलट आहे. आपल्या गावांतील जुन्या पिढीच्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. ज्यांना जन्मतारीख माहीत नव्हती अशा अनेकांच्या आधारपत्रावर १ जानेवारी लागली. आडनाव एक, नाव एक, वडिलांचे नाव एक आणि तारीखही एक, अशी दोन माणसे एका गावात असणे मुळीच अशक्य नाही. येथे माणसे दोन असतात आणि संगणकाला एकच दिसते.

तिसरे कारण जमिनीचे. सामाईक खाते, तोंडी वाटणी, न झालेली वारस नोंद, बटाईने किंवा खंडाने केलेली शेती. राबतो एक, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे.

चौथे कारण पिकाचे, आणि ते माझ्या विषयाचे आहे. ई-पीक पाहणी आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. विमा उतरविलेले पीक व पाहणीतील पीक एकच असावे हे योग्यच आहे. पण जूनमध्ये सोयाबीन पेरले, पावसाने ताण दिला, उगवण गेली आणि दुबार पेरणीत तूर किंवा मका घेतला, तर विम्याच्या अर्जात एक आणि शेतात दुसरे असे होते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर क्षेत्र कसे मांडावयाचे यात गोंधळ होतो. रानात मोबाईलला रेंज नसेल तर नोंदच राहून जाते. यांपैकी कशातही लबाडी नाही.

शेजारच्या तेलंगणात काय झाले ते पाहा. तेथे २०१६ च्या सुमारास संगणकाच्या विश्लेषणावरून लाखो शिधापत्रिका रद्द करण्यात आल्या. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख पत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. हैदराबादेत रिक्षा ओढणाऱ्या एका माणसाचे नाव एका मोटारमालकाच्या नावाशी मिळतेजुळते निघाले म्हणून त्याच्या कुटुंबाचे धान्य बंद झाल्याचे वृत्तपत्रांतून पुढे आले. त्याच्या घरी कोणी जाऊन पाहिले असते, तर मोटार नाही हे उंबऱ्यावरूनच दिसले असते.

ऑस्ट्रेलियातील चूक वेगळ्या प्रकारची होती. तेथे गरजूंना दर पंधरवड्याच्या उत्पन्नानुसार भत्ता मिळतो. २०१६ पासून शासनाने आयकर खात्याकडील वर्षाचे उत्पन्न घेतले, त्याला २६ ने भागले आणि ती सरासरी प्रत्येक पंधरवड्याची कमाई धरून लाखो लोकांवर वसुली काढली. ज्यांना सहा महिने काम व सहा महिने बेकारी होती, त्यांच्यावर नसलेले कर्ज चढले. पुढे ही पद्धत बेकायदेशीर ठरली आणि २०२३ मध्ये तेथील चौकशी आयोगाने तिच्यावर कडक ठपका ठेवला. शेतकरी बंधूंनो, ही चूक आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तालुक्यात ६०० मिलिमीटर पाऊस झाला, त्याला ५२ आठवड्यांनी भागले तर जुलैमधला तीन आठवड्यांचा खंड कोठेच दिसणार नाही. कागदावर पाऊस पुरेसा आणि शेतात पीक वाळलेले.

माझ्या घरचा अनुभव

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे वडील वारले तेव्हा मृत्यूची नोंद आम्ही वेळेत केली, दाखला घेतला. परंतु त्यांच्या नावाचा सन्मान निधी थांबवावा म्हणून कोठे कळविले नाही. दोन हप्ते त्यांच्या खात्यात जमा झाले. पुढे गावातील यादीत वडिलांच्या नावापुढे 'मृत, वसुली' असे लागले. यादी चावडीवर होती. आईला ते फार लागले. पण ती जुळवणी बरोबर होती. ४,००० रुपये आमचे नव्हते, ते आम्ही परत भरले.

त्यानंतर वारस नोंद होऊन जमीन आईच्या नावावर आली आणि तिने अर्ज केला. वारसाहक्काने आलेल्या जमिनीवर असा अर्ज करता येतो. पण अर्जावर शेरा आला : 'दुबार लाभार्थी'. कारण काय, तर आमच्या भावकीत वडिलांच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ आहेत आणि त्यांच्या पत्नीचे नाव व माझ्या आईचे नाव एकच आहे. दोघींच्या आधारपत्रावर जन्मतारीख १ जानेवारी, वर्षही एकच. आई मला म्हणाली, "अरे, ती तिच्या घरी, मी माझ्या घरी. मग दुबार कोण?"

मी पदव्युत्तर शिक्षण घेतलेला माणूस. तरी मला त्या शेऱ्याचे कारण शोधण्यात आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात अकरा महिने गेले. शेवटी एका अधिकाऱ्याने दोन्ही आधारपत्रे व दोन्ही उतारे समोर ठेवले. गट क्रमांक वेगळे, आधार क्रमांक वेगळे, फोटो वेगळे. दहा मिनिटांत शेरा निघाला. दहा मिनिटांच्या शहानिशेसाठी अकरा महिने लागत असतील, तर ज्याच्या घरात धावपळ करणारे कोणी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

शंका आणि शहानिशा

बीजोत्पादनाचा प्लॉट ज्यांनी घेतला आहे त्यांना भेसळ काढणे माहीत आहे. भेसळ झाडे काढली नाहीत तर बियाणे नापास होते, म्हणून ती काढावीच लागतात. पण आपण मजुराला "उंच दिसेल ते झाड उपट" एवढेच सांगत नाही. कारण जेथे शेणखताचा ढीग होता तेथे अस्सल वाणाचे झाडही उंच वाढते. म्हणून पानाचा आकार, खोडाचा रंग, फुलोऱ्याची वेळ अशी दोन-तीन लक्षणे पाहून मगच झाडाला हात घालतात. उपटलेले झाड परत लावता येत नाही. बंद झालेला हप्ता परत सुरू करता येतो, पण त्या मधल्या काळात पेरणी निघून गेलेली असते.

म्हणून जुळवणीनंतर चार गोष्टी झाल्याच पाहिजेत असे माझे मत आहे. लाभ थांबविण्यापूर्वी शेतकऱ्याला सूचना मिळावी. सूचनेत 'अपात्र' एवढाच शब्द न लिहिता कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जमली नाही हे लिहावे. गावपातळीवरील कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करावी. आणि दाद कोणाकडे, किती दिवसांत मागावयाची हे त्याच कागदावर असावे.

नेदरलँड्समध्ये नगरपालिका, कर खाते व विमा यंत्रणा यांची माहिती एकत्र करून संशयित शोधणारी एक प्रणाली होती. ती बहुतांशी गरीब वस्त्यांवर वापरली गेली. एखादे नाव संशयितांत का आले हे त्या माणसाला समजण्याचा मार्ग नव्हता. ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेग येथील न्यायालयाने ती बंद करावयास लावली. गैरप्रकार रोखण्याचा हेतू न्यायालयाने चुकीचा ठरविला नाही. ज्याच्यावर संशय घेतला त्याला कारण कळत नाही व तपासता येत नाही, हे मात्र चुकीचे ठरविले.

आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. २०१८ मध्ये अनुदान व लाभांसाठी आधारचा वापर न्यायालयाने मान्य केला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. या कायद्यानुसार लाभ देण्याच्या कामासाठी शासनाला आपली माहिती वापरता येते, पण आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही त्यात दिलेला आहे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ नोंदच खोटी असेल तर जुळवणी त्या खोट्याला खरे ठरविते. उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी यांना नातेवाइकांनी जमिनीसाठी महसुली कागदांत मृत दाखविले. स्वतः जिवंत असल्याचे कागदावर आणण्यासाठी त्यांना १९९४ पर्यंत झगडावे लागले. त्या काळी दप्तरे वेगवेगळी होती. आज तशी एक खोटी नोंद दहा दप्तरांत पोहोचेल.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी

१) सातबारा, आठ-अ, आधारपत्र, बँक पासबुक व शेतकरी ओळख क्रमांक यांवरील नाव एकदा शेजारी ठेवून पाहावे. हे काम पेरणीच्या घाईत न करता उन्हाळ्यात करावे. सातबाऱ्यातील लेखनाची चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. आधारमधील चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते.

२) घरात मृत्यू झाल्यास २१ दिवसांत नोंद करावी. दाखल्याची प्रत बँकेत व संबंधित योजनेच्या कार्यालयात द्यावी. वारस नोंद लांबवू नये. राज्यात २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घ्यावी लागली, यावरूनच मयत खातेदारांची नावे उताऱ्यावर किती राहिली होती हे लक्षात येईल.

३) पीक पाहणी मुदतीत स्वतः करावी. दुबार पेरणी किंवा पीक बदल झाल्यास ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला पूर्वीचा तलाठी, यांना लेखी कळवून पोच घ्यावी. शेतात उभे राहून काढलेला फोटो जपून ठेवावा.

४) अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी भरलेल्या अर्जाची छापील प्रत मागावी व गट क्रमांक, क्षेत्र, पीक स्वतः वाचावे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे.

५) आधारपत्राच्या झेरॉक्सवर कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली ते लिहून सही करावी. चालत असेल तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. यंत्रावर अंगठा ठेवण्यापूर्वी रक्कम पाहावी.

६) आपण पात्र नसाल तर नाव स्वतःहून काढावे व आलेली रक्कम परत करावी. सन्मान निधीत तशी सोय ठेवलेली आहे. चूक झाली असेल तर ती आपण होऊन सांगण्यात कमीपणा नाही.

७) लाभ थांबल्यास केवळ तोंडी विचारू नये. लेखी अर्ज द्यावा, कारण मागावे, पोच ठेवावी. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

ग्रामसभेचे काम

शेवटी एक गोष्ट सांगतो. राजस्थानातील पाली जिल्ह्यात कोटकिराना नावाचे गाव आहे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये तेथे पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. जे कामावर कधी गेलेच नव्हते त्यांची नावे त्यात निघाली. ही सुद्धा जुळवणीच होती. एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला गाव. या चळवळीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला.

संगणकाला जे कळत नाही ते गावाला कळते. दोन सारख्या नावांची माणसे वेगळी आहेत, अमक्याच्या दारात मोटार नाही, तमक्याचे शेत बटाईने आहे, हे ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून लाभार्थींची व वगळलेल्यांची यादी ग्रामसभेत वाचली जावी असा आग्रह आपण धरावा. मात्र वाचावयाचे ते नाव, योजना आणि रक्कम. आधार क्रमांक, बँक खाते, आजारपण किंवा घरातील खासगी बाबी फलकावर लावू नयेत. पैसा सार्वजनिक आहे म्हणून हिशेब उघडा असावा. माणूस मात्र उघडा पडू नये.

गावातील एखाद्या विधवा भगिनीच्या किंवा म्हाताऱ्या गड्याच्या नावापुढे चुकीचा शेरा लागला, तर ग्रामसभेत उठून "ही नोंद चुकीची आहे, आम्ही ओळखतो" एवढे म्हणावयास कोणीतरी हवे. आणि एखाद्याने खोटा लाभ घेतला असेल, तर तेही भावकी न पाहता सांगता आले पाहिजे. ही दोन्ही कामे एकाच सभेची आहेत.

या उन्हाळ्यात एक दिवस काढून घरातील सर्व कागद एका पिशवीतून बाहेर काढा आणि नावे ताडून पाहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.